वेदना आणि विवेक : रत्नागिरीशी नाते असलेले चार ग्रंथ

ग्रंथ वाचताना वाचकाच्या मनात प्रथम उमटते ती वेदना. मराठीत हा शब्द दुःखापुरता संकुचित झाला आहे. पाली वाङ्मयात मात्र सुखद, दुःखद आणि असुख-अदुःखद अशा तिन्ही अनुभूतींना वेदना म्हणतात. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा व तृष्णेतून उपादान हा पटिच्चसमुप्पादाचा क्रम आपणांस परिचित आहे. ग्रंथ हाती घेतल्यावरही हाच क्रम सुरू होतो. आवडले ते खरे वाटू लागते, बोचले ते खोटे. विहारांतील वाचनवर्गांतही ग्रंथाचे मोल पुष्कळदा लेखकाच्या जन्मावरून किंवा आपल्या सुखदुःखावरून ठरते. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्याशी या ना त्या प्रकारे नाते असलेल्या चार भिन्न जातींच्या ग्रंथांविषयी आमची प्रतिक्रिया नोंदवून ती तपासून पाहावयाची आहे.

पहिला ग्रंथ म्हणजे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा इंग्रजीतील ‘धर्मशास्त्राचा इतिहास’. काणे यांचा जन्म १८८० साली चिपळूणनजीकच्या परशुराम परिसरातला. १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आमच्या वाचकास दुःखद वेदना देतो. शूद्र व अंत्यज यांच्यावरील निर्बंध त्यात कारकुनाने खतावणी लिहावी तशा अलिप्तपणे एकामागून एक मांडलेले आहेत. बौद्ध धर्माच्या ऱ्हासाची चर्चा येते तेव्हा तर वाद घालावा असे पदोपदी वाटते. म्हणून ग्रंथ मिटावा काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तसे केले नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात, वैदिक काळी गोमांस खाल्ले जात होते हे दाखविताना, त्यांनी काणे यांच्याच ‘धर्मशास्त्रविचार’ या मराठी पुस्तकाचा आधार घेतला. प्रतिपक्षाच्या पंडिताने प्रामाणिकपणे नोंदविलेला पुरावा आपल्या कामी येतो. मात्र त्यासाठी तो ग्रंथ अखेरपर्यंत वाचलेला असावा लागतो.

दुसरा ग्रंथ अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही २००० सालची इंग्रजी कादंबरी. इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा तीत रत्नागिरीत बंदिवासाचे दिवस कंठताना दिसतो. येथे आमची वेदना सुखद आहे. तीस वर्षे एक बौद्ध राजा आपल्या कोकणात होता, या विचारानेच मन भरून येते. त्याचा पिता मिंडॉन याने १८७१ साली मंडाले येथे पाचवी संगीती भरविली आणि समग्र तिपिटक संगमरवरी शिलांवर कोरविले. थिबा स्वतः विहारात पाली शिकलेला होता. परंतु हा अभिमान तपासला पाहिजे. त्याच्या राज्यारोहणानंतर १८७९ साली राजघराण्यातील अनेकांची हत्या झाली, हे विसरता येत नाही. कादंबरीही ते विसरू देत नाही. शिवाय त्याच्या पालीचा एक शब्दही राजवाड्याबाहेरच्या आमच्या वस्त्यांपर्यंत पोहोचला, असे काही दिसत नाही. १९१६ साली थिबा रत्नागिरीतच निवर्तला. त्याच वर्षी, याच जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते भीमराव न्यूयॉर्क येथे जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचत होते. आणखी चाळीस वर्षांनी या वस्त्यांत धम्म आला तो त्यांच्या मार्गाने. घोष यांच्या कादंबरीतही धम्माच्या वाटेने अखेरपर्यंत जाते ती राजपरिवारातील कोणी नव्हे, तर राणीची सेविका डॉली. लेखकाची ही दृष्टी आम्हांस मोलाची वाटते.

तिसरा ग्रंथ उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे २००३ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन. आयदान म्हणजे बांबूच्या विणकामाची वस्तू. लेखिकेची आई आयदाने विणून संसार चालवीत असे. डोक्यावर भारे घेऊन डोंगरवाटांनी रत्नागिरीच्या बाजारास जाणाऱ्या बायांचे यातील चित्रण वाचून कोणाही कोकणवासीयाचे मन हेलावेल. अवघड भाग पुढे येतो. धम्मदीक्षेनंतरही घरात व चळवळीत स्त्रीचे स्थान किती बदलले, हा प्रश्न लेखिका आपल्याच माणसांना विचारते. तेथे पुरुष वाचक अस्वस्थ होतो, आणि घरातील गोष्टी चव्हाट्यावर कशाला, असा सूर निघतो. या सुरास तिपिटकातच उत्तर आहे. थेरीगाथेत सुमंगलमातेच्या गाथा आहेत. अट्ठकथा सांगते की तिचा विवाह एका नळकाराशी, म्हणजे वेळू-बोरूचे विणकाम करणाऱ्याशी झाला होता. मुसळापासून, निर्लज्ज नवऱ्यापासून आणि त्याच्या छत्र्यांच्या धंद्यापासून सुटल्याचा आनंद ती उघडपणे गाते. या गाथांनी धम्माची अप्रतिष्ठा होते असे परंपरेने मानले नाही. त्या बुद्धवचनाच्या संग्रहात जतन केल्या. ‘आयदान’ आम्ही या परंपरेत ठेवून वाचतो.

चौथा ग्रंथ स्वतः बाबासाहेबांचा, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला. येथे वेदना श्रद्धेची आहे, आणि म्हणूनच विवेकाची कसोटीही येथे अधिक कठीण. विद्यापीठात पाली शिकलेला वाचक विचारतो, अमुक कथन कोणत्या सुत्तातील आहे? भाविकास हा प्रश्नच अनादराचा वाटतो. उलट काही पंडित संदर्भ दिलेले नाहीत एवढ्यावरून ग्रंथ बाजूस सारतात. दोघेही वेदनेपाशीच थांबलेले आहेत. बाबासाहेबांनी तर प्रस्तावनेतच सिद्धार्थाच्या परिव्रज्येपासून भिक्षूच्या प्रयोजनापर्यंत चार प्रश्न उभे केले आणि त्यांच्या उत्तरांत वाचकांनीही भर घालावी, अशी अपेक्षा ठेवली. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना मूळ पाली आधार परिश्रमपूर्वक शोधले. श्रद्धेने प्रश्न टाळावा लागत नाही, तो सोडविण्याचे बळ श्रद्धेतून मिळते, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

कालाम सुत्ताचा दाखला आपण परंपरेविरुद्ध नेहमी देतो. त्या सुत्तात नाकारलेल्या आधारांपैकी शेवटचा आधार मात्र क्वचितच उच्चारला जातो : हा श्रमण आमचा गुरू आहे, एवढ्यावरून स्वीकारू नका. परक्याचा म्हणून टाकू नये आणि आपला म्हणून तपासल्यावाचून घेऊ नये, ही त्या सुत्ताची दुहेरी शिस्त आहे. कुशल काय, अकुशल काय आणि आचरणाने कोणाचे हित होते, हे स्वतः पाहावयाचे आहे.

विहारांतील वाचनवर्गांस आमची एवढीच विनंती आहे. प्रत्येक ग्रंथानंतर उपासक-उपासिकांनी आपणांस काय वाटले ते निःसंकोच सांगावे. वेदना दडपून विवेक जागा होत नाही. मात्र त्यापुढे, तसे का वाटले आणि त्यास ग्रंथात आधार कोठे आहे, हेही पान उघडून दाखवावे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत असे चार ग्रंथ जरी वाचले गेले, तरी विहारातील कपाटांचे खऱ्या अर्थाने ग्रंथालय होईल.