खपाच्या हिशेबात न बसणारे गवई

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. गौहरजानची पहिली रेकॉर्ड निघून तेव्हा वीस वर्षं उलटली होती आणि ग्रामोफोन पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यात स्थिरावला होता. तरी बुवांचं एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. ‘स्वयंवर’च्या चाली मात्र त्यांच्या. १९१६ साली ते नाटक रंगभूमीवर आलं, त्यातल्या पदांच्या रेकॉर्ड बालगंधर्वांच्या नावावर घरोघर गेल्या, आणि त्या ऐकून मराठी माणसाचा कान रागदारीला सरावला. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम पचवलेल्या एका गवयाची विद्या या वाटेने लोकांत उतरली. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांच्या गाण्यातून ती आणखी पसरली. रेकॉर्ड कंपनीच्या वहीत यातलं काहीच बुवांच्या खाती जमा होणार नव्हतं.

प्रभाव आणि खप यांच्या वाटा कुठे फुटतात ते किराणा घराण्यात फार स्पष्ट दिसतं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी रेकॉर्डचं तंत्र पुरतं ओळखलं होतं. ७८ च्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्या अवधीत सूर लावायचा, रागाचा चेहरा दाखवायचा, चार हरकती घ्यायच्या आणि ऐकणाऱ्याला तृप्त करून सोडायचं, हे त्यांना साधलं. ती मोठी कला आहे. लोकप्रिय झाली म्हणून तिला उथळ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

त्यांचेच आप्त अब्दुल वहीद खाँ यांची प्रकृती अगदी निराळी. एकेका स्वराभोवती स्वरसमूहांची उलटापालट करत अतिविलंबित बढत करायची, मंद्रातून वर सरकण्याची घाई म्हणून करायची नाही. हे गाणं तीन मिनिटांत आलंच असतं तर त्याचं काय उरलं असतं? रेकॉर्डच्या बाजारात ते रमले नाहीत. आज हाती आहे ते मुख्यतः रेडिओवरच्या गाण्याचं मोजकं मुद्रण. त्यातला दरबारी ऐकावा. मंद्रातल्या कोमल धैवताभोवती ते इतका वेळ घालवतात की मध्य षड्ज आला की तो कमावल्यासारखा वाटतो. करीम खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर याच वहीद खाँकडे शिकल्या. त्यांच्या संथ, आखीव ख्यालाची मुळं या तालमीत आहेत. अमीर खाँनी गंडा बांधला नव्हता, नुसतं ऐकून ती बढत आत्मसात केली. त्यांच्यापासून ती निखिल बॅनर्जींच्या सतारीत गेली, भीमसेन जोशींच्या विलंबितात डोकावली. वहीद खाँचेच शिष्य प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली यांच्यासारखे अमेरिकन संगीतकार त्यांच्यापुढे शिकायला बसले.

अमीर खाँचा मारवा आणि दरबारी लाँग प्लेवर आला तेव्हा एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली होती. तबकडी लांबली तेव्हा कुठे हे गाणं घरात पोचलं. वहीद खाँ त्याआधीच, १९४९ मध्ये गेले होते. अल्लादिया खाँचीही तीच गत. त्यांचा आवाज कुठेच मुद्रित नाही, पण १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे.

गुरूचं काम दिसत नाही, शिष्याचं दिसतं, हे जुनंच. मला काळजी आहे ती आजच्या मोजमापाची. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक श्रवण नोंदलं जातं. तेवढ्यात अतिविलंबित झुमऱ्याचं एक आवर्तनही पुरं होत नाही. पाऊण तास डोळे मिटून ऐकणारा आणि तीस सेकंदांनी पुढे सरकणारा, दोघांची नोंद सारखीच. त्याच आकड्यांवर आयोजक कलाकार निवडू लागले, तर तरुण गवई पहिल्या अर्ध्या मिनिटातच तान टाकायला शिकतील. काही मैफलींत तशी घाई आत्ताच ऐकू येते. समीक्षकांनी तरी आकडा बाजूला ठेवून विचारावं: या गवयाची बढत कुठून आली, आणि त्याच्याकडून ती आणखी कोण उचलतंय? घराण्यांचा खरा इतिहास याच प्रश्नांतून लिहिला गेला आहे. आज दहा-बारा विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं घरी तालीम देणारे, क्वचितच मंचावर येणारे गुरू आपल्याकडे आहेत. त्यांच्यावर लेख येत नाहीत, मुलाखती होत नाहीत. त्या त्यांच्या हयातीत व्हायला हव्यात.