असोद्याची पेरणी आणि पेरणाऱ्याचा दाखला

बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांविषयीं आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत भर घालूं पाहणारानें आधीं स्वतःस चार प्रश्न विचारून घ्यावे, हें बरें. आम्हींहि ते विचारले. तरीहि लेखणी हातीं घेतली, याला कारण आमच्या वर्गांत घडलेला एक लहानसा प्रसंग झाला.

इंग्रजी गद्याचा उत्तम नमुना म्हणून आम्ही वर्गांत बायबलांतील उतारे वाचीत असतों. त्या दिवशीं मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतील पेरणाऱ्याचा दाखला चालू होता. पेरणारा पेरावयास निघतो; कांहीं बीं वाटेवर पडतें व पाखरें तें खाऊन टाकतात; कांहीं खडकाळीवर पडून उन्हानें करपतें; कांहीं कांट्यांत सांपडून खुंटतें; आणि चांगल्या जमिनींत पडलेलें मात्र तीसपट, साठपट, शंभरपट पीक देतें. येथवर आलों, तोंच मागल्या बांकावरील एका खानदेशी शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें, "सर, त्याच्याजवळ तिफण नव्हती काय?" वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों; पण घरीं येतांना तो प्रश्न कांहीं केल्या मनांतून जाईना.

प्रश्न अगदीं रास्त होता. पॅलेस्टाइनांतला शेतकरी बीं मुठीनें फेंकून पेरी. तेव्हां तें वाटेवरहि पडावयाचें आणि खडकावरहि. आपल्याकडे बीं चाड्यांतून नळ्यांवाटे थेट तासांत उतरतें. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या हातून दाणा वाटेवर सांडला, तर सासू तिला दाखला सांगत बसणार नाहीं! सेरामपूर येथें १८११ सालीं केरीसाहेबांनीं मोडी लिपींत मराठी नवा करार छापला, निदान तेव्हांपासून तरी हा दाखला मराठींत आहे. १९२४ मध्यें प्रसिद्ध झालेलें पंडिता रमाबाईंचें सोप्या मराठींतील भाषांतरहि आपल्यापुढें आहे. परंतु भाषा कितीहि सोपी केली, तरी फेंकलेलें बीं तिफणीच्या तासांत कसें पडावें?

जळगांवजवळच्या असोदा या गांवीं महाजनांच्या घरांत १८८० सालीं जन्मलेली, तेराव्या वर्षीं जळगांवच्या चौधऱ्यांच्या घरांत दिलेली, ऐन तिशींत वैधव्य आलेली, आणि लिहितां वाचतां मुळींच न येणारी एक बाई शेतांत, जात्यावर व चुलीपुढें बसून ओव्या रचीत होती. तिचे चिरंजीव सोपानदेव यांनीं व एका मावसभावानें त्यांतील कांहीं उतरून घेतल्या. १९५१ च्या डिसेंबरांत ती वारली आणि पुढल्याच वर्षीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक निघालें. हा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठास २०१८ सालीं तिचें नांवहि मिळालें. अक्षरशत्रु बाईच्या नांवें पदव्या वांटल्या जाव्या, ही गोष्ट आम्हां प्राध्यापकांनीं अधूनमधून आठवीत जावी.

आतां तिची पेरणी पाहावी. बियाणें धरित्रीच्या कुशींत निजलें आहे. वर मातीचें पांघरूण आहे. मग कोंब फुटतो, आणि त्यांतून जीं दोन पानें प्रकट होतात तीं तिला जोडलेल्या हातांसारखीं दिसतात. पुढें तींच पानें टाळ्या वाजवून भजन करतात व सगळीकडे आबादानी व्हावी म्हणून करुणा भाकतात. येथें बीं कशाचें प्रतीक नाहीं, हें आमच्या मतें या गाण्याचें मर्म होय. शुभवर्तमानांत दाखला संपल्यावर त्याचा उलगडा येतो: बीं म्हणजे वचन, पाखरें म्हणजे तो दुष्ट, जमीन म्हणजे ऐकणाराचें अंतःकरण. उलगडा झाला कीं शेताचें काम संपलें. शेत सोडून आपण घरीं जावयास मोकळे. बहिणाबाईंच्या गाण्यांतून शेत सोडून जातां येत नाहीं. तेथें प्रार्थना करणारा माणूससुद्धां नाहीं. रोपच हात जोडून उभें आहे, आणि बाई आपली निंदणी करीत तें पाहते आहे.

'उपननी' या गाण्याचेंहि असेंच. खळ्यावर धान्य रगडून झालें आहे आणि वारा पडला आहे. पाटी डोक्यावर उचलून धरलेल्या माणसास वारा हवा, तो आतां हवा. बाई त्यास मारुतीचा बाप म्हणून हांक मारते. ही पुराणांतली ओळख खरी. पण तिच्यांत पुराणिकाची ऐट नाहीं, अडलेल्या कामाची निकड आहे. शेजारच्या आळींतील एखाद्या वडील माणसास पोराच्या नांवावरून हांक मारावी, तसा तो देव खळ्यावर बोलावला जातो. श्रद्धा ही वेगळी काढून ठेवण्याची वस्तु आहे, हें या बाईस कोणीं शिकविलेंच नव्हतें.

पेरणाऱ्याच्या दाखल्यांत कांटे कोणते? तर संसाराची चिंता आणि धनाचा मोह. त्यांनीं वचन गुदमरतें. हा 'संसार' शब्द मराठी भाषांतरांत येतो, तेव्हां आम्हांस नेहमींच अडखळल्यासारखें होतें. कारण मराठी बाईचा संसार म्हणजे नुसते कांटे नव्हेत. बीं रुजतें तीच ती जमीन. बहिणाबाईंच्या अत्यंत प्रसिद्ध गाण्यांत संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा आहे, व भाकरीच्या आधीं चटके आहेत. पण चटक्यांना भिऊन चूल सोडण्याची गोष्ट तिच्या मनासहि शिवत नाहीं.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, आम्ही दोन धर्मांची तुलना मांडून बसलों आहों. ख्रिस्ताच्या दाखल्यांतहि असा एक आहे, कीं जो असोद्याच्या बांधावर सहज उभा राहील. तो एकट्या मार्कानेंच दिला आहे: माणूस बीं टाकतो, रात्रीं निजतो, दिवसा उठतो, बीं रुजतें, वाढतें, कसें तें त्याला कळत नाहीं. आधीं अंकुर, मग कणीस, मग कणसांत दाणा. या दाखल्याचा उलगडा मार्कानें दिलेला नाहीं, आणि बरें केलें.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे या दृष्टीनें पाहिलें, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्तास मराठी भक्तीच्या घरांत आणलें, हा त्यांचा उपकार लहान नव्हे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. त्यांच्या अभंगांत उत्कटता आहे, आणि फुलांमुलांच्या कवितांत कोंवळेपणा. पण नगर जिल्ह्यांतील कोरडवाहू जमिनीचा वास त्यांत आम्हांस क्वचितच आला. तो घराचा, चुलीचा, पाण्याच्या घागरीचा वास आला लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त. नवऱ्यानें १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर पांच वर्षे ही बाई सोंवळेंओंवळें सांभाळीत झुरली, आणि तिचा पालट झाला तो कोणत्या प्रवचनानें नव्हे. जात देवानें केली कीं माणसानें, एवढा एकच प्रश्न तिनें स्वतःस विचारला, आणि उत्तर मिळतांच कोणाच्याहि हातचें पाणी पिण्याचें ठरविलें. संसाराच्या कांट्यांतच तिचें बीं रुजलें! याच लक्ष्मीबाईंनीं टिळकांचें अपुरें 'ख्रिस्तायन' मोठ्या निष्ठेनें पुरें केलें. परंतु त्या महाकाव्यांत श्रद्धा सांगितली आहे, आणि 'स्मृतिचित्रां'त ती पाणी भरते, भांडते, हंसते. वाचकांनीं कोणतें पुस्तक जवळ केलें, तें उघडच आहे.

बहिणाबाईंची आजची गत मात्र 'ख्रिस्तायना'सारखी होऊं पाहते आहे, म्हणून आम्हांस वाईट वाटतें. दिनदर्शिकांवर, शाळांच्या भिंतींवर, सत्कारांच्या भाषणांत तिच्या दोनदोन ओळी सुटून येतात आणि त्यांखालीं उलगडा येतो: संसार म्हणजे हें, मन म्हणजे तें. उभ्या पिकांत शिरणाऱ्या ओढाळ ढोरासारखें मन, असें ती म्हणते. तेथें ढोर कोणाच्या शेतांत शिरलें, नुकसान किती झालें, हें ज्याला दिसत नाहीं त्याच्या हातीं केवळ सुविचार उरतो. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशीं तिचीं गाणीं आहेत. तीं त्याच क्रमानें, मोसमाप्रमाणें एकदां वाचून पाहावीं. आम्हीं तीं पंचवीस वर्षे शिकविलीं, पण असें वाचून पाहण्याची बुद्धि आम्हांस अलीकडे झाली.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं बोलावून पेरणीचें तें गाणें वाचावयास दिलें. त्यानें तें उभ्याउभ्याच वाचलें आणि म्हणाला, "सर, हें कपाशीचें रोप आहे, नाहीं तर तुरीचें. ज्वारीला पहिल्यानें दोन पानें येत नाहींत, एकच येतें."