‘निगेटिव्ह रेग्युलेटर’ म्हणण्याआधी

माशांच्या जन्मजात विषाणूरोधक प्रतिकारशक्तीवरचे पाच-सहा पेपर ओळीने वाचले की पुढच्याचा शेवट आधीच कळतो: ‘क्ष हे प्रथिन टीबीके१ला तोडतं आणि इंटरफेरॉन कमी करतं.’ क्षच्या जागी फक्त नवं नाव येतं.

मूळ साखळीबद्दल वाद नाही. विषाणूचा आरएनए रिग-आय किंवा एमडीए५ ओळखतं, मायटोकॉन्ड्रियावरचं मॅव्हस निरोप पुढे देतं, टीबीके१ आयआरएफ३ला फॉस्फेट लावतं आणि इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं. सस्तन प्राण्यांसारखीच ही साखळी माशांतही आहे. माझा आक्षेप आहे तो क्षबद्दलच्या पुराव्यावर.

बहुतेक वेळा झेब्राफिशचं जनुक प्लाझ्मिडमधून ईपीसी पेशींत भरपूर प्रमाणात घालतात आणि एसव्हीसीव्ही हा कार्पचा विषाणू सोडतात. दोन प्रथिनं चिकटतात का, हे मात्र माणसाच्या एचईके२९३टी पेशींत, ३७ अंशांना बघतात. ईपीसी पेशी कित्येक वर्षं कार्पच्या समजल्या जात. त्या फॅटहेड मिनोच्या निघाल्या, हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. आणि कार्पमध्ये हा रोग येतो तो साधारण १० ते १७ अंशांच्या पाण्यात! म्हणजे एकाच आकृतीत चार प्राणी, आणि तापमान भलतंच.

यात आळस नाही, अडचण आहे. माशांची प्रथिनं ओळखणाऱ्या चांगल्या अँटिबॉडी कमी मिळतात, म्हणून टॅग लावून ओव्हरएक्स्प्रेशन करावं लागतं. पण त्यातून कळतं ते एवढंच, की क्ष खूप झालं तर काय *होऊ शकतं*. नेहमीच्या प्रमाणात ते काय *करतं*, हे कळत नाही.

खरी कसोटी उलट बाजूने आहे. क्ष जर ब्रेक असेल, तर ते काढल्यावर इंटरफेरॉन वाढायला हवं, विषाणू घटायला हवा आणि संसर्गानंतर जास्त मासे जगायला हवेत. चांगले पेपर नॉकआउट झेब्राफिशमध्ये हे दाखवतातही. तिथेही सावध राहा: अस्थिमाशांच्या पूर्वजात संपूर्ण जीनोम एकदा जास्तीचा दुप्पट झाला होता. त्यामुळे एक जनुक काढलं तरी जुळं जनुक काम सांभाळू शकतं. फरक दिसला नाही म्हणजे भूमिकाच नाही, असं नव्हे.

प्रपोजलमध्ये ‘आणखी एक क्ष’ लिहिणार असाल तर आधी स्वतःला विचारा: क्ष काढून टाकलेला मासा माझ्याकडे असेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पाच वर्षं द्यायच्या आधी प्रश्न बदला.