साडेतीन तारे

आजचा विषय तसा भांडणाचा आहे. एखाद्या गायिकेच्या ध्वनिमुद्रणाला पाचांपैकी साडेतीन तारे मिळाले, तर उरलेले दीड कुठं गेले, हे विचारायचा हक्क तिला आहे की नाही? आम्ही म्हणतो, आहे. आणि परीक्षकाला बहुधा ते सांगता येत नाही. अडचण तिथून सुरू होते.

डेव्हिड ह्यूमचा अभिरुचीच्या निकषावरचा १७५७ सालचा निबंध आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. त्यात सँको पान्झाच्या दोन नातलगांची गोष्ट आहे. दोघं पिंपातल्या मद्याची चव घेतात. एक म्हणतो, छान आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, छानच, पण लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी निघते चामड्याची वादी बांधलेली किल्ली!

गाण्यात अशी किल्ली सापडते का? काही वेळा सापडते. सम चुकली तर ते लपत नाही. तानपुऱ्याशी सूर मिळाला नाही तर चार जाणकार एकदम अस्वस्थ होतात. पण 'तयारी आहे, खोली नाही' असं कुणी लिहिलं, तर तळाशी काय शोधायचं?

मराठीत या प्रश्नाला सर्वांत धीटपणे भिडले ते वामनराव देशपांडे. त्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ साली आलं. ते पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे हिशेब पक्का. त्यांनी घराणी तपासायला दोन तत्त्वं घेतली, स्वर आणि लय. एका टोकाला स्वराकडे झुकलेलं किराणा, दुसऱ्या टोकाला लयीकडे झुकलेलं आग्रा, आणि दोहोंचा समतोल साधणारं जयपूर. मोघम 'वा वा' आणि 'छे छे' यांतून समीक्षेला बाहेर काढणारं हे काम आहे, आमचा त्याबद्दल आदर आहे. त्यांच्याशी वाद घालता येतो, हीच मोठी गोष्ट. 'वा वा'शी काय वाद घालणार?

तर आमचा वाद असा. गाणं कुठं झुकतं हे सांगणं म्हणजे वर्णन. मध्यावरचं गाणं अधिक चांगलं म्हणणं म्हणजे मूल्यमापन. पहिल्यातून दुसरं आपोआप निघत नाही. मध्यममार्ग श्रेष्ठ, हे ॲरिस्टॉटलनं सद्गुणांबद्दल सांगितलं. भित्रेपणा आणि बेदरकारपणा यांच्यामधे धैर्य, हे पटतं. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आलापीत थोडी आग्र्याची लयकारी घातली असती, तर ते गाणं सुधारलं असतं का? अहो, ते गाणंच उरलं नसतं! आणि कुमार गंधर्व? क्षयाच्या आजारानंतर १९५०च्या दशकात ते पुन्हा गायला लागले, तेव्हा तुटक, अचानक उसळणारे स्वरसमूह घेऊन आले. त्यांना या रेषेवर कुठं बसवायचं?

आता कुणी म्हणेल, वामनराव मोगूबाई कुर्डीकरांचे शिष्य, त्यांना जयपूर आवडणारच. आम्हाला हा आक्षेप फार उथळ वाटतो. कुठल्याच घराण्यात कान तयार न झालेला माणूस नि:पक्षपाती नसतो, तो नुसता बाहेरचा असतो. वामनरावांची तालीम लपलेली नव्हती, म्हणून तर वाचक तिचं वजन धरून वाचू शकतो. ताऱ्यांत नेमकं हेच दिसत नाही. साडेतीन देणारा कुणाकडे शिकला, काय ऐकत वाढला, काही कळत नाही.

यावर उपाय म्हणून नाव झाकून ऐकायची पद्धत सांगतात. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत ध्वनिमुद्रण परीक्षकांपुढे नावाशिवाय जातं, मग बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी मिळते. श्रेणीवर मानधन ठरतं, तेव्हा हा नुसता मानाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. वशिला आणि आडनाव यांच्यापासून गाणाऱ्याला वाचवायला ही पद्धत हवीच. पण झाकलं जातं ते गाणाऱ्याचं नाव, परीक्षकाचा कान नव्हे! पाच मिनिटांत घराणं ओळखू येतं. शिवाय ठरावीक मिनिटांचं ध्वनिमुद्रण चटकन रंग भरणाऱ्याला सोयीचं. ज्याचा राग अर्ध्या तासानं उघडतो, त्यानं काय करायचं?

इथं एक चिठ्ठी आली आहे. 'मग सर, तारे द्यायचेच नाहीत का?' द्या की. पण सुराला वेगळे, लयीला वेगळे, रागाच्या मांडणीला वेगळे, आणि बेरीज करू नका. किलो आणि मीटर कुणी मिळवतं का? आमच्या माहितीतल्या एका संपादकांना आम्ही हे सुचवलं होतं. ते म्हणाले, सर, वाचक शेवटचा आकडाच बघतो. खरं असेल ते. पण त्या गायिकेला आकडा वाचून उद्याच्या रियाजात काय बदलायचं हे कळत नाही. 'मध्यलयीत बोल अंगावर आले, विलंबितात गंधार सुंदर ठरला' एवढं लिहिलंत, तर ती तुमच्याशी भांडू तरी शकेल. पुढची चिठ्ठी द्या.