कोऱ्या तक्त्याचे पत्र

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू रसिकतेने वाचावा असे कुणी सुचवत नाही. एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करायचे, पारखायचे, जमल्यास आकडे एकत्र करायचे, रूक्ष काम. पण कार्यपद्धतीच्या भागात एक वाक्य असते, ‘अपुऱ्या माहितीसाठी मूळ लेखकांना लिहिले’. मी आधी तेच शोधते.

मागावे कसे, याचा विचार असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या हँडबुकात आहे. ‘रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकूनच केली होती ना?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’च येणार. ‘विभागणी कशी केली, सांगाल का?’ म्हटले की सम तारखेला हे औषध, विषम तारखेला ते, असली कबुलीही सहज येऊन जाते. प्रश्नात आरोप नाही, म्हणून उत्तरात बचाव नाही.

अर्थात सगळीच दारे अशी उघडत नाहीत. टॅमिफ्लू या फ्लूच्या औषधावरच्या कॉक्रेन रिव्ह्यूतला एक निष्कर्ष ज्या दहा चाचण्यांवर उभा होता, त्यांपैकी आठ पूर्ण स्वरूपात छापल्याच गेल्या नव्हत्या. जपानी बालरोगतज्ज्ञ केइजी हायाशी यांनी 2009 मध्ये हे दाखवून दिले. कॉक्रेनच्या चमूने लेखकांना लिहिले, लेखकांनी औषध बनवणाऱ्या रोश कंपनीकडे बोट दाखवले. पूर्ण अहवाल हाती यायला 2013 उजाडले.

आता महाराष्ट्रातले एक उदाहरण, बीड जिल्हा. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय गाजला तेव्हा, 2019 मध्ये, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. सर्वेक्षणाचा आकडा सगळीकडे छापून आला: 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 च्या फेरीत देशाचा आकडा शंभरात तीनच्या आसपास. अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. तरी चांगला रिव्ह्यूकार इथे अडतो. राष्ट्रीय आकडा 15 ते 49 वयाच्या बायकांचा आहे. बीडच्या या दोन आकड्यांत वय दिसतच नाही. काढलेली पिशवी परत येत नाही, म्हणून वय वाढेल तसे प्रमाण चढतच जाते. पन्नाशी ओलांडलेल्या त्यात किती, हे कळेपर्यंत सतरा आणि तीन यांची तुलना कच्ची.

मग हे वय विचारणाऱ्या पत्रासोबत एक कोरा तक्ता जावा. पाच-पाच वर्षांचे वयोगट, आणि पुढे रकाने: किती जणींना विचारले, किती जणींचे ऑपरेशन झाले, तेव्हा वय काय होते, ऑपरेशन पहिला कोयता धरण्याआधी की नंतर. हा शेवटचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, पाळीतही न थांबणारी मोळ्यांची वाहतूक, या साऱ्यांवर आपण ठेवतो तो ठपका ‘आधी की नंतर’ यावर तोललेला आहे. आणि तक्ता आयता असला की समोरच्याला निबंध लिहावा लागत नाही, आकडे भरले की झाले.

पण पत्र टाकायचे कुणाच्या नावे? जर्नलमधल्या लेखाखाली पत्रव्यवहारासाठी एक नाव आणि ईमेल असतो. सरकारी अहवालावर जावक क्रमांक. दारोदार जाऊन ज्यांनी विचारले, त्यांची नावे मुखपृष्ठावर कधी येत नाहीत, आणि ‘त्या बाईने नेमके काय सांगितले’ हे ठाऊक असते ते त्यांनाच.

उत्तर न आल्यास बीडला वगळणारा रिव्ह्यू मला भेकड वाटेल. वर्णनात घ्यावे, एकत्रित आकड्यात मिसळू नये, आणि तळटीपेत पत्र कुणाला, कितीदा, कोणत्या तारखांना धाडले ते छापावे.