टोपीच्या विलायती बंदुका : कालनिर्णयाचा एक प्रश्न

विलायती ठासणीच्या दुनळी बंदुकेस 'पेशवाईंतील' हें बिरुद लावण्याची संग्राहकांत रीत आहे. खोडद, नारायणगांव, जुन्नर या टापूंत शिवनेरीच्या सान्निध्यामुळें हा मोह अधिकच होतो. आमच्या मतें ही रीत टाकून दिली पाहिजे.

घोड्याच्या आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट स्कॉटलंडांतील पाद्री फॉर्साइथ यानें १८०७ सालीं घेतलें. तांब्याची टोपी सर्रास प्रचारांत आली ती १८२० च्या पुढें. पेशवाई तर १८१८ त बुडाली. मग टोपीची बंदूक बाजीरावाच्या शिलेखान्यांत आली कोठून ?

मात्र उलट बाजूनेंही घाई नको. चकमकीच्या कित्येक बंदुका पुढें टोपीच्या करून घेण्यांत आल्या. त्यांत नळी व दस्ता जुना आणि घोडा नवा असतो. बाजूच्या पट्टीवर बुजविलेलीं भोकें, रंजकाची वाटी काढल्याची खूण, हीं प्रथम पाहावीं. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें निघालें, म्हणून त्याचा शिक्का असलेली नळी तेथें त्यानंतरच तपासलेली असणार. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाची सनद १६३७ ची; त्या शिक्क्यावरून एवढा नेमका निर्णय होत नाहीं. आणि मॅन्टनचें नांव कोरलेलें दिसलें म्हणून हुरळून जाऊं नये. नामांकित कारागिरांचीं नांवें इतरांनींही वापरलीं आहेत.

याहून मोठा दोष कागदांविषयींच्या अनास्थेचा. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवाना आवश्यक झाला. घराण्याच्या दफ्तरांत तो सांपडल्यास धनी, गांव व साल एकदम हातीं येतें. परंतु बंदूक भिंतीवर चढते आणि रुमाल रद्दींत जातो ! १९५९ च्या कायद्यानें, दुरुस्त करूनही उडवितां न येणारें जुन्या घडणीचें हत्यार त्याच्या कक्षेबाहेर ठेविलें आहे. पण ती सवलत मिळावी म्हणून काना बुजविणें किंवा कांचकागदानें नळी लखलखीत करणें म्हणजे शिक्के व सांध्यांच्या खुणा स्वहस्तें पुसणें होय.

खोडद आज महादुर्बिणीमुळें सर्वत्र ठाऊक आहे. त्या परिसरांतील कोणा वाचकाजवळ बंदुकांचा उल्लेख असलेली मोडी यादी असेल, तर तींत 'तोड्याची', 'चकमकीची' कीं 'टोपीची' असा भेद केला आहे काय, तें पाहून त्या ओळींची अक्षरशः नक्कल, यादीच्या मितीसह, आमच्याकडे पाठवावी.