लाल उशीवरची मांजरं

मांजरवेड्यांनी मांजरांवर लिहिलेलं काही वाचायला घेताना मी जरा सावध असतो. मनीचं कौतुक एकदा सुरू झालं की पानामागून पानं उलटतात आणि मनी काही जागची हलत नाही. हॅरिसन वीअर या इंग्रज चित्रकाराचं १८८९ चं 'अवर कॅट्स अँड ऑल अबाउट देम' हे पुस्तकही या दोषातून पुरतं सुटलेलं नाही. पण त्याच्या सुरुवातीलाच एक छोटं प्रकरण आहे, पहिल्या मांजर-प्रदर्शनाची हकीकत सांगणारं. माणसाचं मत कशाने बदलतं आणि कशाने बदलत नाही, हे त्यात इतकं सहज उतरलंय की एवढ्यासाठी बाकीचं पुस्तक माफ करावं.

घटना १३ जुलै १८७१ ची. जागा लंडनचा क्रिस्टल पॅलेस, म्हणजे १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी उभारलेला आणि पुढे सिडनहॅमला हलवलेला काचेचा अवाढव्य महाल. तोवर इंग्लंडात कोंबड्यांची आणि कुत्र्यांची प्रदर्शनं रुळली होती. मांजराला ती प्रतिष्ठा नव्हती. ते उंदरांसाठी ठेवायचं, आणि ठेवायचं म्हणजे हाकलायचं नाही, इतकंच. पशुपक्ष्यांच्या चित्रांवर नाव कमावलेल्या वीअरला वाटलं, या जनावराकडे लोकांनी एकदा नीट बघावं.

प्रकरणाची सुरुवात अगदी कारकुनी आहे. पॅलेसच्या व्यवस्थापकाला कल्पना पटते आणि थोड्याच दिवसांत वीअर सगळा आराखडा त्याच्यापुढे ठेवतो. प्रवेश फी, गट, बक्षिसं, त्यांच्या रकमा, रंग-आकार-नर-मादी अशी वर्गवारी, गुण कसे द्यायचे ते. जाहिरातीसाठी मांजराच्या डोक्याचं चित्रसुद्धा स्वतःच काढलेलं. वाचताना आपण थोडे कंटाळतो, आणि तेवढ्यात त्या याद्यांमधून एक खरीखुरी मांजर बाहेर येते. वीअरची स्वतःची, निळसर पट्ट्यांची, नाव 'द ओल्ड लेडी', वय सुमारे १४. आपल्या रंगात तीच प्रदर्शनातली सर्वोत्तम, असं तो बेधडक लिहितो. परीक्षक कोण? तो स्वतः, त्याचा भाऊ जॉन जेनर वीअर आणि एक पाद्री! आजच्या एखाद्या कॅट क्लबात यावरून रण माजलं असतं. वीअरला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि फुशारकी इतकी निर्मळ आहे की आपणही हसून सोडून देतो.

पुढचं वाक्य मात्र हसण्यावारी नेता येत नाही. त्या दिवशी म्हातारीच्या गळ्यात जी चांदीची घंटा होती, ती आपण घड्याळाच्या साखळीला अडकवली आहे, असं तो सांगतो. पुस्तक निघालं तेव्हा प्रदर्शनाला १८ वर्षं झाली होती. ती मांजर केव्हाच गेली असणार. तो तसं लिहीत नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण, हा आपल्याकडे उंदरांचा जुना पेच. इथे ती घंटा गळ्यातून उतरून माणसाच्या अंगावर आली आहे. लगोलग दुसरी चांदीही येते. वीअरने मोबदला घेतला नव्हता, म्हणून क्रिस्टल पॅलेस कंपनीने त्याला एक मोठा चांदीचा चषक दिला. चषक मोठा, घंटा एवढीशी, आणि लक्षात राहते ती घंटाच. कंपनीसाठी केलेल्या श्रमांची ही कदर, असं म्हणता म्हणता तो एक आडवी रेघ मारतो आणि पुढे फक्त मांजरांचं नाव घेतो. अख्ख्या परिच्छेदाचा मिस्कीलपणा त्या एका रेघेत आहे.

मग आगगाडी. लडगेट हिल स्टेशन, पहिल्या वर्गाचा डबा, मऊ गाद्या, एकटा प्रवासी आणि पोटात गोळा. मांजरं येतील का? किती येतील? पिंजऱ्यात रुसून बसतील, रडतील, खाणंच सोडतील? इतक्यात एक मित्र डब्यात शिरतो आणि मांजरांचं प्रदर्शन म्हटल्यावर उडतोच. मांजर दिसलं की आवारातून पिटाळणारा हा गृहस्थ. त्याच्या डोळ्यांपुढे गजांना ओरबाडणारी, साखळीचा स्वतःलाच फास लावून घेणारी मांजरं उभी राहतात. कसब असं, की मित्र जे मोठ्याने बोलतो ते वीअर मघापासून मनात घोळवतच होता.

वीअर वकिली सुरू करतो. मांजर सुंदर, डौलदार, कुत्र्याइतकंच घरगुती. पंजाने कडी वर ढकलतं, दारावरची कडी वाजवून आत घ्या म्हणतं. शेवटी तर रविवारही ओळखतं. त्या दिवशी मांसाच्या गाडीची वाट बघत बाहेर जात नाही. (लंडनच्या गल्ल्यांतून मांजरांसाठी मांस विकणारे फेरीवाले हिंडत.) इथे मित्र त्याला तोडतो. तुला आवडतात, मला नाही, विषय संपला. मला हा क्षण फार आवडतो. मांजरप्रेमी वादात सपशेल हरलाय, आणि ते त्यानेच लिहून ठेवलंय.

तरी वीअर त्याला सोबत नेतोच. प्रदर्शनात शिरल्यावर ना गोंगाट, ना धडपड. किरमिजी उशांवर पहुडलेली मांजरं, मधूनच घुरघुर, मधूनच ताजं दूध चाटणं. चित्रकाराने इथे रंगांची उधळण केली असती तर कोण हरकत घेणार होतं? पण तो बाळबोध यादी देतो. मोठी मांजरं, फार मोठी, मध्यम, लहान, नाना रंगांची, शिवाय पांढरीशुभ्र पर्शियन. तो हात आखडतो, कारण इथे बघायचं आहे ते मित्राने. आणि मित्र पिंजऱ्यांपुढून जाता जाता ही काय सुंदर, ती बघ, असं म्हणायला लागतो. काही महिन्यांनी वीअर त्याच्या घरी जातो तेव्हा तो जेवायला बसलेला असतो आणि शेजारच्या खुर्चीत दोन मांजरं. वीअर टोमणा मारत नाही. मित्राला नावही नाही. दोन-तीन ओळखीच्यांतून तो घडवलेला असावा अशी मला शंका आहे. असेना का.

खटकतं ते यानंतर. प्रदर्शनं देशभर भरू लागली, देखण्या मांजरांना मोठ्या किमती येऊ लागल्या, हे वीअर अभिमानाने सांगतो. याच पुस्तकात पुढे तो प्रत्येक जातीला डोकं, डोळे, कान, शेपटी अशी वाटणी करून १०० पैकी गुण लावतो. रंग, पट्टे आणि बांधा बघून मांजर निवडावं, हे तो गाडीतच बोलून गेलेला असतो. मित्राच्या नादात ते आपल्या कानाआड होतं. प्रत्येक मांजराची निगा राखली जावी आणि देखणं मांजर निवडलं जावं, या दोन इच्छा त्याला एकच वाटत होत्या. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब निघाला, वीअर पहिला अध्यक्ष झाला. पुढे तो बाहेर पडला, सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसांतच रस आहे ही तक्रार करत. १८९० मध्ये त्या खुर्चीवर लुई वेन आला, माणसांसारखी वागणारी मांजरं काढणारा चित्रकार. वीअरची तक्रार रास्तच होती, फक्त तिच्यात स्वतःचा वाटा त्याने धरला नाही.

मांजरांच्या जातींबद्दल भरघोस माहिती हवी असेल तर फ्रान्सिस सिम्पसनचं १९०३ चं 'द बुक ऑफ द कॅट' बघावं. ते जाणकारांचं पुस्तक आहे. मांजर न आवडणाऱ्या माणसाच्या हातात मात्र मी वीअरचं हे प्रकरणच देईन, आणि किमतींचा परिच्छेद यायच्या आत पुस्तक परत मागून घेईन.